दाणा जाड म्हणजे पाणी जोरात? खडक बघताना हे गणित कुठं चालतं आणि कुठं फसतं

प्रश्न थोडक्यात असा आलाय: एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, वर्धा व्हॅलीतल्या एका बोअरहोलचा कोअर (बोअरमधून काढलेला खडकाचा दंडगोल) लॉग करायचाय, म्हणजे त्यातल्या थरांची नोंद करायचीय. खाली तालचीर नावाच्या थराचा हिरवट शेल (चिखलाचा खडक), त्यात मधेच कोअरच्या रुंदीएवढा ग्रॅनाईटचा गोटा. वर बराकर नावाच्या थराचा जाड दाण्याचा सँडस्टोन (वाळूचा खडक), त्यात सेंटिमीटरभराचे क्वार्ट्झचे खडे, आणि वर बघता बघता कोळसा. दाण्यांच्या साईझवरून त्या वेळच्या पाण्याचा वेग काढता येईल का? आणि ह्युलस्ट्रॉमच्या कर्व्हमध्ये (दाण्याची साईझ आणि पाण्याचा वेग यांचा आलेख) चिखल उचलायला वाळूपेक्षा जास्त वेग का लागतो, बारीक तर आधी उचललं जायला हवं ना?

आधी उत्तर सांगतो, मग बाकीचं. दाण्यावरून एकदम वेग निघत नाही. निघते ती तळावर पाण्याने लावलेल्या ओढीची किमान किंमत, तीही जेव्हा तो दाणा शेवटचा हलला तेव्हाची, आणि आणखी जाड दाणा त्या नदीकडे होता की नाही हे बघूनच ती वापरायची. कॉलेजात "कोर्स म्हणजे हाय एनर्जी, फाईन म्हणजे लो एनर्जी" हे एवढं घोकून घेतात की पोरं शेल दिसला की डोळे झाकून "क्वाएट वॉटर" लिहून मोकळी होतात, मी रिपोर्ट तपासतो तेव्हा पहिली काट तिथंच मारतो.

कर्व्हचं आधी बघू. फिलिप ह्युलस्ट्रॉम हा स्वीडनमधल्या उप्सालाचा, तिथल्या फ्यूरिस नदीवर काम करून १९३५ साली त्याने तो कर्व्ह दिला. त्यात दोन रेघा आहेत आणि गोंधळ होतो तो या दोन रेघा एकच समजल्यामुळं. वरची रेघ म्हणजे तळाशी पडलेला दाणा उचलायला किती वेग लागतो, खालची म्हणजे वाहत असलेला दाणा कुठल्या वेगाला खाली बसतो. वरची रेघ सगळ्यात खाली येते ती मध्यम वाळूपाशी, साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर, तिथं सेकंदाला २० सेंटिमीटरच्या आसपास वेग पुरतो. उजवीकडे गेलात की दाणा जड होत जातो म्हणून वेग वाढतो, सेंटिमीटरभराच्या खड्याला मीटरच्या आसपास लागतो, यात काही नवल नाही. डावीकडेही रेघ वर जाते, हे तुम्हाला खटकलंय.

कारण दोन आहेत. एक, क्लेचे, म्हणजे सगळ्यात बारीक मातीचे, कण म्हणजे गोल दाणे नव्हेत, त्या पातळ चकत्या असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार असतो, त्यामुळं ते एकमेकांना धरून बसतात. दोन ओल्या काचा एकावर एक ठेवल्या की सुटता सुटत नाहीत तसं. एकदा थर बसून त्यातलं पाणी निघून गेलं की पाण्याला एक कण सोडवावा लागत नाही, अख्खी ढेकळं तोडावी लागतात. दुसरं, बारीक दाण्यांचा तळ इतका गुळगुळीत असतो की तळालगत पाण्याचा जो संथ पातळ थर असतो त्यात ते दाणे लपून जातात, वरची खळबळ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. वाळूचा दाणा मात्र त्या थराच्या वर डोकं काढतो. म्हणून एकमेकांना न चिकटणारी सिल्टही (वाळू आणि क्ले यांच्या मधली साईझ) वाळूपेक्षा थोडी जास्तच हट्टी. पण ताजा कालपरवा बसलेला चिखल आणि उन्हात वाळून तडकलेला चिखल यांच्यात फार मोठा फरक असतो, म्हणून डावीकडच्या भागात कर्व्ह पुस्तकात रेघ म्हणून काढला तरी तो जाड पट्टा समजायचा.

आता खालची रेघ. बसण्याचा वेग स्टोक्सने १८५१ मध्ये दिला, बारीक दाण्यांसाठी तो व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, व्यास निम्मा केला की वेग चौथाई. आकडे लावून बघा, अर्धा मिलिमीटरचा वाळूचा दाणा मीटरभर पाणी पंधराएक सेकंदात उतरतो, वाळू आणि सिल्टच्या हद्दीवरचा ०.०६२५ मिलिमीटरचा दाणा पाचसहा मिनिटं घेतो, आणि ०.००२ मिलिमीटरच्या क्लेच्या कणाला तेच मीटरभर उतरायला तीन दिवसांहून जास्त लागतात, तेही पाणी एकदम निश्चल असेल तर. म्हणजे क्ले उचलणं अवघड पण उचलली की ती खाली येईचना. वाळू उचलायला सोपी आणि टाकायलाही सोपी. खडकांत वाळू आणि चिखल वेगवेगळे निवडलेले सापडतात त्याचं निम्मं उत्तर इथं आहे.

मग शेल एवढा जाड बसतो कसा? कारण क्ले सहसा एकेकटी बसत नाही, गुठळ्या होऊन बसते. खाऱ्या पाण्यात तर हे जोरात होतं, खाडीच्या तोंडाशी नदीचा गढूळपणा समुद्राचं पाणी लागल्यावर खाली बसतो तो यामुळंच. या गुठळ्या सिल्टच्या किंवा बारीक वाळूच्या दाण्यासारख्या वागतात. २००७ मध्ये जर्गन शीबर आणि जॉन साउथार्ड यांनी फ्लूममध्ये (प्रयोगशाळेतल्या वाहत्या पाण्याच्या पाटात) दाखवलं की सेकंदाला २० सेंटिमीटरच्या आसपास वाहत्या पाण्यातसुद्धा चिखलाच्या गुठळ्या तळावर सरकत सरकत रिपल, म्हणजे छोट्या लाटांसारखे उंचवटे, करतात आणि त्यातून थर बनतो, आणि दाबला गेल्यावर तो थर साध्या पातळ रेघांचा शेल दिसतो. म्हणजे ज्या वेगाला बारीक वाळू हलते त्याच वेगाला चिखल बसू शकतो! शेल दिसला की तिथं पाणी झोपलेलं होतं असं नाही हो लिहायचं, तिथं वाळू आली नव्हती एवढं नक्की.

"वाळू आली नव्हती" हा मुद्दा लोक सगळ्यात जास्त विसरतात. नदी कितीही जोरात असली तरी तिच्या खोऱ्यात जे नाही ते ती आणणार कुठून. आपल्याच घाटमाथ्यावरच्या नद्या बघा. भीमा, प्रवरा, वरची गोदावरी, सगळं खोरं बेसॉल्टचं. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ नाही म्हटलं तरी चालेल, तो कुजला की काळ्या मातीची क्ले होते, आणि न कुजलेला राहिला तर गोटे. मधली, ०.२ ते २ मिलिमीटरची टिकाऊ वाळू त्यातून ग्रॅनाईटसारखी मुबलक निघत नाही. म्हणून प्रवरेच्या काठावर नेवाशाला जुना गाळ बघायला गेलात तर खाली चुन्याने घट्ट झालेला गोट्यांचा थर, वर पिवळसर तपकिरी सिल्ट. (तोच तो गोट्यांचा थर, ज्यातून पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी अश्मयुगीन हत्यारं काढली.) पुस्तकी नियम लावला तर नदी एकदा रागावली आणि मग एकदम शांत झाली असं वाचाल, पण मधली साईझ तिच्या खोऱ्यातच कमी होती हे आधी धरायला हवं. तीच गोदावरी पुढे नाइस (ग्रॅनाईटसारखाच क्वार्ट्झवाला रूपांतरित खडक) आणि सँडस्टोनच्या मुलखातून गेली की क्वार्ट्झची वाळू भरपूर वाहते.

तुमच्या बराकरचं उलट आहे. तिथं खोऱ्यात ग्रॅनाईट नाइस होते, म्हणून क्वार्ट्झ, फेल्डस्पार (ग्रॅनाईटमधलं दुसरं मुख्य खनिज), खडे, सगळ्या साईझ होत्या. अशा ठिकाणी दाण्याच्या साईझवरून काहीतरी हिशेब करण्यात अर्थ आहे, तर तो करू.

वेग सोडा, तळावरची ओढ घ्या. शील्ड्सने १९३६ साली बर्लिनमध्ये हे काम केलं, नदीच्या हिशेबात ते इतकं सोपं करता येतं: पाण्याची खोली गुणिले उतार बरोबर ०.०४५ गुणिले १.६५ गुणिले दाण्याचा व्यास. १.६५ हे क्वार्ट्झची घनता २.६५ वजा पाण्याची १. तो ०.०४५ चा आकडा ०.०३ ते ०.०६ मध्ये कुठंही घेतात, भांडणं चालतात त्यावर, पण पहिल्या अंदाजाला ठीक आहे. तुमचा १ सेंटिमीटरचा खडा घ्या. उतार ५०० ला १ असेल तर ३७ सेंटिमीटर खोल पाणी तो हलवतं. उतार ५००० ला १ असेल तर ३.७ मीटर खोल पाणी लागतं. खडा तोच, तळावरची ओढ तीच, पण एकीकडे गुडघाभर ओढा आणि दुसरीकडे बऱ्यापैकी मोठी नदी. मॅनिंगच्या सूत्रात (ते खोली, उतार आणि तळाचा खडबडीतपणा n यांवरून वेग देतं) n ०.०३ धरून वेग काढला तर पहिल्यात सेकंदाला ०.७७ मीटर, दुसऱ्यात १.१३. आता सांगा, खड्यावरून कुठला वेग लिहिणार?

त्यामुळं खोलीचा पुरावा वेगळा शोधावा लागतो, आणि तो तुमच्या कोअरमध्येच असतो, क्रॉसबेडिंगच्या, म्हणजे थरातल्या तिरप्या रेघांच्या रूपात. तळावर वाळूचे जे ड्यून (मोठे उंचवटे) सरकतात त्यांची उंची ढोबळमानाने खोलीच्या सहाव्या ते दहाव्या भागाएवढी असते, आणि मागे उरणारा क्रॉसबेडचा सेट (तिरप्या रेघांचा एक थर) हा मूळ ड्यूनच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचा, कारण मागून येणारा ड्यून पुढच्याचं डोकं कापून जातो. समजा तुमच्या सँडस्टोनमध्ये सेटची सरासरी जाडी १५ सेंटिमीटर निघाली, तर ड्यून ४५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि खोली पावणेतीन ते साडेचार मीटर. मग ३.७ मीटरवाला हिशेब त्यात बसतो आणि उतार ५००० ला १ पेक्षा फार कमी नसावा असं म्हणता येतं. हे उत्तर मला वेगाच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त आवडतं, कारण दोन स्वतंत्र गोष्टी एकमेकींशी जुळवून आलेलं आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कोअरमध्ये सेटची जाडी मोजताना बोअर तिरपा नाही ना, आणि तुम्ही एकाच सेटचा तुकडा दोनदा तर मोजत नाही ना हे बघायचं. आणि एका सेटवरून काही लिहू नका, जमतील तेवढे मोजा.

अजून एक भानगड. शील्ड्सचा हिशेब एकसारख्या दाण्यांच्या तळासाठी आहे, खरा तळ मिसळीचा असतो. गोट्यांमध्ये वाळू लपते, म्हणून ती एकटी असती तर हलली असती त्यापेक्षा उशिरा हलते, आणि वाळूच्या सपाट तळावर एकटाच पडलेला खडा पूर्ण उघडा असतो म्हणून तो अपेक्षेपेक्षा लवकर गडगडत जातो. तुमचे खडे वाळूत विखुरलेले असतील तर वरचा हिशेब थोडा जास्तीचा आहे, खडे एकमेकांना टेकून खालच्या खरवडलेल्या पृष्ठभागावर पट्ट्याने बसले असतील तर तो बराच बरोबर आहे. म्हणून लॉगमध्ये नुसतं "पेब्ली सँडस्टोन" लिहून उपयोग नाही, खडे कुठं आहेत, टेकलेत का तरंगतायत, हे लिहा. दोन शब्द जास्त लागतात, पण नंतर सोनं होतं त्याचं.

वाळू तळावरून सरपटत जाईल की पाण्यात तरंगत, हे ठरवायला दाण्याचा बसण्याचा वेग आणि तळाच्या ओढीवरून निघणारा शिअर वेग यांची तुलना करतात. तुमच्याच नदीत, ३ मीटर खोली आणि ५००० ला १ उतार धरला, तर शिअर वेग सेकंदाला पावणेआठ सेंटिमीटर येतो. अर्धा मिलिमीटरचा दाणा सेकंदाला सहासात सेंटिमीटरने बसतो, म्हणजे तो सरपटणं आणि तरंगणं यांच्या सीमेवर, उड्या मारत, कधी तळाला कधी पाण्यात. ०.२ मिलिमीटरचा दाणा सेकंदाला दोनअडीच सेंटिमीटरने बसतो, तो सरळ तरंगत जाणार. त्यामुळं एकाच पुरात एकाच ठिकाणी पात्रात जाड वाळू आणि काठावरून बाहेर सांडलेल्या पाण्यात बारीक वाळू, सिल्ट, चिखल, असं एकाच दिवशी बसतं. खडकात ते एकावर एक दिसलं म्हणजे नदी हळूहळू थकत गेली असा अर्थ नाही, पात्र बाजूला सरकलं आणि काठ त्या जागेवर आला असाही असू शकतो. बराकरमध्ये खाली जाड, वर बारीक, मग शेल आणि शेवटी कोळसा हे चक्र परत परत येतं ते बहुतेक असंच. आणि तुमच्याकडे मधली बारीक वाळू, शेल जवळपास नाहीच, जाड सँडस्टोनवर लगेच कोळसा, तर तिथं नदीने पात्रच सोडलं असेल, पाणी दुसरीकडे गेलं, गाळ यायचा बंद झाला आणि दलदलीत झाडोरा साठत गेला. कोळशाला वाळूच्या माळेत पुढचा मणी म्हणून ओवू नका. आधी मात्र कोअर रिकव्हरी (खोदलेल्यापैकी किती कोअर हाती आला) बघा, मधला मऊ शेल ड्रिलिंगमध्ये धुऊन गेला असेल तर ही सगळी कथा फुकट.

आता तो ग्रॅनाईटचा गोटा. इथं सगळा नियम उलटा पडतो म्हणून मला हा भाग सगळ्यात आवडतो. ज्या पाण्यात क्ले आणि सिल्टच्या कागदासारख्या पातळ रेघा बसतायत ते पाणी तो गोटा इंचभर सरकवू शकत नाही, म्हणजे तो पाण्याने वाहून आणलेलाच नाही, वरून पडलाय. तालचीरच्या काळात, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, आपला भूभाग दक्षिण ध्रुवाजवळच्या गोंडवन या जुन्या महाखंडात होता आणि इथं हिमनद्या होत्या. हिमनदीच्या तोंडाशी तळं, तळ्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे, तुकड्यांत अडकलेले दगड, बर्फ वितळला की दगड खाली. ओडिशातल्या तालचेरला ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी १८५६ मध्येच त्या गोट्यांच्या थरामागे बर्फ असावा असं म्हटलं होतं, तेव्हा उष्ण हिंदुस्थानात बर्फ ही कल्पना पचवणं किती जड गेलं असेल बघा. नंतर फेडन या भूवैज्ञानिकाने आपल्या चंद्रपूरजवळ इरईला पैनगंगेच्या पात्रात घासून गुळगुळीत झालेला, ओरखडे पडलेला चुनखडक दाखवला, त्याच्यावर तालचीरचा गोट्यांचा थर. तुम्ही चंद्रपूरकडेच काम करताय तर उन्हाळ्यात पाणी कमी असताना तिथं जाऊन याच.

तुमच्या कोअरमध्ये गोट्याखालच्या रेघा दबून वाकल्यात का आणि वरच्या रेघा त्याच्यावरून पांघरल्यासारख्या गेल्यात का हे बघा. असं असेल तर तो ड्रॉपस्टोन, फार शंका नको. रेघाच नसतील, मातकट गचाळ मिसळ असेल आणि त्यात सगळ्या साईझचे कोनेदार दगड असतील, तर तो हिमनदीने थेट टाकलेला टिल किंवा चिखलाचा लोंढा. लोंढ्यात चिखलच इतका घट्ट असतो की तो दगडाला धरून ठेवतो, आणि लोंढा थांबला की सगळं जागच्या जागी गोठतं, निवड होतच नाही. अशा थरातल्या सगळ्यात मोठ्या दगडावर शील्ड्सचं सूत्र लावणं म्हणजे शुद्ध गाढवपणा, पण छापील पेपरांतही दिसतं कधी कधी.

साईझइतकंच सॉर्टिंग बघा हे मी त्यासाठीच म्हणतो. आणि सॉर्टिंग म्हणजे सगळे दाणे एका साईझचे असंही डोळे मिटून नाही, घनता विसरू नका. रत्नागिरीकडे मालगुंड, काळबादेवीच्या किनाऱ्यांवर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात, ते इल्मेनाइट या जड खनिजाचे. इल्मेनाइटची घनता ४.७ च्या आसपास, पाण्यातलं वजन धरलं तर क्वार्ट्झच्या सव्वादोन पट, म्हणून ०.१ मिलिमीटरचा इल्मेनाइटचा दाणा आणि ०.१५ मिलिमीटरचा क्वार्ट्झचा दाणा जवळपास एकाच वेगाने बसतात. वर लाट मागे जाताना हलके जाड दाणे ओढून नेते आणि जड बारीक दाणे खाचांत अडकून राहतात, म्हणून काळा पट्टा पांढऱ्या वाळूपेक्षा बारीक असतो. बारीक म्हणून तिथं लाट मंद होती असं म्हटलं तर साफ चुकलं, त्या जागी लाटेने चांगलंच धुऊन काढलेलं असतं.

थोडं मोजण्याबद्दल, कारण खडकात मोजणं हे सुट्या वाळूसारखं नाही. सँडस्टोन फोडून चाळण्यांतून घातला तर दाणेही फुटतात आणि चिकटलेले दाणे एक म्हणून मोजले जातात. थिन सेक्शनमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा खडकाचा पातळ काप) बघितलं तर काप बहुतेक दाण्यांच्या मधोमध जात नाही, म्हणून साईझ खऱ्यापेक्षा लहान दिसते. बराकरमध्ये आणखी एक सापळा आहे, फेल्डस्पार जागेवरच कुजून पांढरी केओलिनाइट माती झालेली असते. ती दाण्यांच्या मधली पांढरी माती बघून पोरं लिहितात "क्लेयी मॅट्रिक्स, पुअरली सॉर्टेड, संथ पाणी". ती माती नदीने आणलेलीच नाही, लाखो वर्षांनंतर खडकातच तयार झाली. लेन्सखाली त्या पांढऱ्या ठिपक्यांना फेल्डस्पारचा चौकोनी आकार उरलाय का बघा, बऱ्याचदा उरलेला असतो. चुनखडकाला तर यातलं काहीच लावू नका. तिथले दाणे म्हणजे शंखशिंपले नाहीतर जागेवर तयार झालेले कण, त्यांची साईझ बऱ्याचदा प्राण्याने किंवा कण कसा तयार झाला त्याने ठरवलेली असते, नुसती पाण्याच्या जोराने नाही.

तुमच्या प्रोजेक्टपुरतं म्हणाल तर वेगाचा कॉलम काढून टाका. त्याऐवजी प्रत्येक युनिटला मधली साईझ आणि सगळ्यात मोठ्या दहा खड्यांची सरासरी असे दोन आकडे वेगळे लिहा, सॉर्टिंग लिहा, खालची सीमा खरवडलेली आहे की सावकाश बदलते ते लिहा, क्रॉसबेड सेटची जाडी लिहा. जिथं खडे पट्ट्याने बसलेत आणि सेट मोजता येतात तेवढ्याच सँडस्टोनसाठी खोली आणि उताराचा हिशेब मांडा, ०.०३ आणि ०.०६ दोन्ही धरून, म्हणजे उत्तर एका आकड्याऐवजी पट्ट्यात येईल. व्हायवाला "एवढा पट्टा का" असं विचारलं तर घाबरू नका, अचूक आकडा देणाऱ्याला जास्त छळतात. तालचीरच्या शेलसाठी कसलाही हिशेब नको, गोट्याचा फोटो स्केल ठेवून घ्या, रेघा नीट दिसतील असा कोअर ओला करून.